संथ सिनेमा घरी नीट कसा बघायचा? शॉट, चौकट, आवाज आणि टीव्हीची सेटिंग्ज

अर्धविराम (धागाकर्ता)

तार्कोव्स्की, ओझू, परजानोव, बेला तार, आपल्याकडचे मणी कौल या दिग्दर्शकांची नावं निघाली की चर्चा हमखास दोन वाटांनी जाते. एक म्हणजे 'पाणी म्हणजे काय, घोडा म्हणजे काय' ही प्रतीकांची कोडी. दुसरी, 'ग्रेट आहे, पण झोप लागली'. हा धागा दोन्हींसाठी नाही. कोडी दुसरीकडे सोडवावीत, झोप आपापल्या घरी घ्यावी.

या सिनेमातलं काव्य मोजता येण्यासारख्या गोष्टींत असतं, असं माझं मत आहे. शॉट किती सेकंद टिकला, कॅमेरा किती उंचीवर होता, लेन्स कोणती, आवाज चौकटीच्या आतून येतो की बाहेरून. हे पकडलं की अर्थ बऱ्याचदा पाठोपाठ येतो. आणि हे पकडायचं तर घरचा पडदा आधी प्रामाणिक हवा. त्यावर इथले तांत्रिक लोक लिहितीलच.

सुरुवातीला एकच शॉट घेऊ. तार्कोव्स्कीच्या 'मिरर' (१९७५) मधला, कोठार जळतं तो. मुलं टेबलावरून उठून बाहेर पळतात. कॅमेरा त्यांच्या मागे धावत नाही. तो रिकाम्या टेबलापाशी रेंगाळतो, आणि टेबलावरची बाटली कोणी हात न लावता घरंगळून खाली पडते. मग कॅमेरा वळतो तो आरशाकडे. दारात उभी राहून आग बघणारी मुलं आपल्याला आधी आरशात दिसतात. त्यानंतर कुठे तो ओसरीकडे सरकतो, आणि वळचणीतून ठिबकणाऱ्या पाण्यापलीकडे धडाडून पेटलेलं कोठार दिसतं. सगळं एकसंध, मध्ये कट नाही.

क्रम बघा. नेहमीच्या सिनेमात आधी आग, मग घाबरलेले चेहरे, मग धावपळ. इथे आधी परिणाम, मग बघणारे, आणि सगळ्यात शेवटी आग. पाणी कशाचं प्रतीक हे विचारण्याआधी ते चौकटीत कुठे आहे ते बघा: ते आग आणि आपण यांच्या मधोमध पडतंय.

सराव असा करता येतो. कुठलीही सलग १० मिनिटं निवडा. पहिल्या वेळी नुसती बघा. दुसऱ्या वेळी वहीत चार रकाने आखा: शॉट सुरू झाला ती वेळ, कॅमेऱ्याची हालचाल, चौकटीत नवं काय आलं किंवा काय गेलं, आवाजात काय बदललं. चौथा रकाना लोक मोकळा सोडतात आणि तिथेच चुकतात. तिसऱ्या वेळी आवाज बंद करून बघा, चौथ्या वेळी डोळे मिटून नुसतं ऐका. एकाच बैठकीत चारही करू नका, दुसऱ्यानंतर लक्ष पातळ होतं.

---

काळीपांढरी

धागा आवडला, वाचनखूण साठवली आहे. पडद्याचं मी घेते.

१) सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे मोशन स्मूदिंग. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने रचून भरतो, मग तार्कोव्स्कीही मालिकेसारखा दिसायला लागतो. एलजीवर याचं नाव 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो', सॅमसंगवर 'ऑटो मोशन प्लस' किंवा नव्या संचांवर 'पिक्चर क्लॅरिटी'. बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तोच निवडा, तो हे सगळं एका फटक्यात करतो: स्मूदिंग बंद, जादा धार बंद, चौकटीचं मूळ प्रमाण कायम.

२) स्मूदिंग बंद केल्यावर हळू पॅनमध्ये (कॅमेरा जागच्या जागी आडवा वळतो तेव्हा) चित्र किंचित अडखळताना दिसलं तर घाबरू नका. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पॅनलवर २४ चौकटी समान वाटता येत नाहीत, म्हणून एक चौकट तीनदा आणि पुढची दोनदा दाखवली जाते. १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे तिथे प्रत्येक चौकट पाचदा येते आणि हा त्रास राहत नाही. लॅपटॉप एचडीएमआयने जोडत असाल तर डिस्प्लेचा रिफ्रेश रेट २४ वर ठेवता येतो का ते बघा.

३) रंगाचं तापमान 'वॉर्म'. दुकानातून आलेला टीव्ही बहुतेक वेळा 'कूल' किंवा 'विविड'वर असतो. तार्कोव्स्कीच्या 'स्टॉकर' (१९७९) मध्ये 'झोन' या निषिद्ध प्रदेशाबाहेरचं जग तपकिरी एकरंगी आहे आणि झोनमधलं रंगीत. 'कूल'वर ती तपकिरी छटा राखाडी होते, आणि झोनमध्ये पोचल्यावर हिरवा रंग जो अंगावर यायला हवा तो येत नाही.

४) शार्पनेस शून्यावर किंवा टीव्हीच्या 'काहीही न करणाऱ्या' आकड्यावर. नॉइज रिडक्शन बंद. फिल्मचं ग्रेन, म्हणजे चित्रातले बारीक कण, ही घाण नव्हे. ते पुसलं की धुकं आणि भिंतींचं पोत मेणासारखं गुळगुळीत होतं.

५) काळ्याची पातळी. इथे नावांचा घोळ आहे. बऱ्याच टीव्हींवर 'ब्राइटनेस' म्हणजे काळ्याची पातळी. सोनीच्या नव्या संचांवर मात्र 'ब्राइटनेस' म्हणजे पडद्याचा एकूण उजेड, आणि काळ्यासाठी 'ब्लॅक लेव्हल' वेगळी. खोलीत अंधार करून एखादा काळोखा शॉट थांबवा. पात्राच्या काळ्या कोटाच्या घड्या दिसेपर्यंत वाढवा आणि काळा रंग राखाडी व्हायच्या आधी थांबा. पेद्रो कोश्टाचा 'व्हितालिना व्हारेला' (२०१९) या चाचणीला उत्तम, त्यातलं अर्धंअधिक चित्र सावलीतच आहे.

६) लॅपटॉप जोडणाऱ्यांसाठी खास. एचडीएमआयवर रंगाची रेंज दोन प्रकारची असते, लिमिटेड (१६ ते २३५) आणि फुल (० ते २५५). लॅपटॉप फुल पाठवतोय आणि टीव्ही लिमिटेड समजतोय तर सावल्या गिळल्या जातात. उलट असेल तर सगळ्यावर राख पसरल्यासारखं दिसतं. दोन्हीकडे एकच ठेवा. अनेकांची 'प्रिंट खराब आहे' ही तक्रार मुळात इथली असते.

---

वळचण

@काळीपांढरी ताई, चौकटीचं राहिलं, ते जोडतो.

टीव्ही १६:९, म्हणजे रुंदी उंचीच्या १.७८ पट. 'मिरर', 'स्टॉकर', ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३), परजानोवचा 'कलर ऑफ पॉमग्रॅनेट्स' (१९६९) हे सगळे १.३७ चे. टीव्हीवर डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या येणारच. त्या घालवायला कोणी 'झूम' केलं तर वरून-खालून मिळून चित्राचा जवळपास २३ टक्के भाग उडतो. ओझूच्या बाबतीत तर सत्यानाश. त्याचा कॅमेरा जमिनीलगत, लेन्स बहुतेक कायम ५० मिमीची, आणि चौकट चटईपासून छताच्या कडेपर्यंत बांधलेली. खालची चटई कापली की बसलेली माणसं तरंगायला लागतात.

'झूम'पेक्षा 'स्ट्रेच' वाईट, पण ते निदान लगेच कळतं.

'इन द मूड फॉर लव्ह' (२०००) १.६६ चा आहे, त्याला अगदी बारीक पट्ट्या येतात आणि लोकांना वाटतं टीव्हीत बिघाड आहे. तार्कोव्स्कीचे 'नॉस्टाल्जिया' (१९८३) आणि 'सॅक्रिफाइस' (१९८६) हेही १.६६. उलट त्याचेच 'आंद्रेई रुब्लेव' (१९६६) आणि 'सोलारिस' (१९७२) रुंद पडद्याचे, तिथे पट्ट्या वर-खाली. बघायला बसण्याआधी प्रमाण माहीत करून घ्या, म्हणजे काय चुकतंय ते पहिल्याच मिनिटाला समजेल.

बसायचं अंतर: ५५ इंची टीव्हीवर १.३७ चं चित्र प्रत्यक्षात साधारण ४६ इंची टीव्हीएवढंच होतं. म्हणून अशा सिनेमाला नेहमीपेक्षा पुढे बसा, साडेपाच-सहा फुटांवर. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर खुर्ची ओढा.

---

तिरकस

हे सगळं खरं, पण मूळ प्रश्नाला बगल दिलीत. सेटिंग्ज परिपूर्ण केली, खुर्ची पुढे ओढली, आणि समोर एक माणूस मेणबत्ती घेऊन ९ मिनिटं चालतोय. आता? कंटाळ्याला कंटाळा म्हणायची सोय आहे की नाही या धाग्यात? 'मोजा' म्हणणं म्हणजे बघणाऱ्याला काहीतरी काम देऊन गुंतवणं झालं. चांगल्या सिनेमाला असं काम द्यावं लागतं का?

---

अर्धविराम

सोय आहे. काही संथ सिनेमे नुसतेच संथ असतात. फरक कसा ओळखायचा ते सांगतो: शॉटमध्ये काही बदलतंय का ते बघा. मेणबत्तीचाच शॉट घ्या, 'नॉस्टाल्जिया'मधला. इटलीतल्या बान्यो विन्योनीचं गरम पाण्याचं कुंड, पाणी काढून टाकलेलं. माणसाला पेटती मेणबत्ती एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायची आहे. ज्योत दोनदा विझते, दोन्ही वेळा तो परत पहिल्या भिंतीपाशी जाऊन नव्याने सुरुवात करतो, तिसऱ्यांदा पोचतो. कॅमेरा रुळावरून त्याच्या समांतर चालतो आणि हळूहळू जवळ येत जातो. पहिल्या खेपेला त्याच्याभोवती पुष्कळ भिंत आणि चिखल दिसतो. शेवटी उरतात हात आणि ज्योत.

इथे कट घेतला असता तर काय बिघडलं असतं? प्रेक्षकाला कळलं असतं की पुढचा तुकडा वेगळ्या वेळी घेतलाय, म्हणजे ज्योत टिकणार हे दिग्दर्शकाच्या हातात आहे. कट नाही म्हणून धोका खरा वाटतो. तो शॉट लांब आहे कारण त्याचा विषयच 'न विझता एवढा वेळ' हा आहे.

नुसत्या संथ सिनेमात मात्र पहिल्या २० सेकंदांत जे दिसतं तेच ९० व्या सेकंदाला असतं. तिथे बेलाशक कंटाळा.

---

कुरुंद

बेला तारशिवाय हा मुद्दा पुरा होत नाही.

आधी एक यांत्रिक गोष्ट. ३५ मिमी कॅमेऱ्याच्या मोठ्या मॅगझिनमध्ये सुमारे ३०० मीटर फिल्म मावते. २४ चौकटींच्या वेगाने ती ११ मिनिटं चालते, त्यापुढे शॉट जाऊच शकत नाही. 'वेर्कमाइस्टर हार्मनीज' (२०००) चा पहिला शॉट या मर्यादेला जाऊन भिडतो: गुत्त्यात बंद व्हायच्या वेळी एक तरुण दारुड्यांना सूर्य, पृथ्वी, चंद्र बनवून फिरवतो आणि ग्रहण घडवतो. पूर्ण सिनेमा १४५ मिनिटांचा, शॉट फक्त ३९. 'द ट्युरिन हॉर्स' (२०११) अडीच तासांच्या आसपास, शॉट ३०. म्हणजे सरासरी एक शॉट पाच मिनिटांचा.

आता 'ट्युरिन हॉर्स' बघताना नेमकं काय करायचं. सहा दिवस आहेत. रोज तेच: मुलगी विहिरीवरून पाणी आणते, एका हाताने अधू असलेल्या बापाला कपडे चढवते, उकडलेला एकेक बटाटा दोघं हाताने खातात. कथा शोधू नका, जेवणाच्या वेळी कॅमेरा टेबलाच्या कोणत्या बाजूला आहे तेवढं टिपा. एके दिवशी तो बापावर असतो: सोलण्याची घाई, चटके, अर्धवट टाकून उठणं. दुसऱ्या दिवशी मुलीवर: तिचा वेग निराळा. नंतर दोघं एकाच चौकटीत. तोच बटाटा, पण दर वेळी आधी न दिसलेली बाजू दिसते. एवढं लक्षात आलं की शेवटच्या दिवसांत विहीर आटते, कंदील पेटत नाही, तेव्हा काय हरवलं ते सांगावं लागत नाही.

वाऱ्याचा आवाज कमी करून बघणाऱ्यांना काय म्हणावं! तो या सिनेमातला तिसरा माणूस आहे.

---

तिरकस

बटाट्याचं पटलं. पण 'सातान्टँगो' (१९९४) सात तासांहून जास्त आहे, तो एका बैठकीत बघितल्याच्या बढाया मारणाऱ्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही.

---

कुरुंद

एका बैठकीची सक्ती नाहीच. तो १२ भागांत विभागलेला आहे, भाग संपला की उठा. भागाच्या मध्ये उठू नका, एवढंच पथ्य. तीन बैठका पुरतात.

---

अंतरा

लेन्सवर कोणीच बोललं नाही, म्हणून मणी कौल. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. पहिलाच मोठा सिनेमा 'उसकी रोटी' (१९६९), मोहन राकेश यांच्या कथेवरून, छायाचित्रण के. के. महाजन यांचं. बालो नवऱ्यासाठी भाकरी घेऊन बसच्या वाटेवर उभी आहे, नवरा सुच्चा सिंग बसचा ड्रायव्हर. गोष्ट एवढीच.

या सिनेमासाठी त्यांनी दोनच लेन्स वापरल्या, २८ मिमी आणि १३५ मिमी. बालोचं प्रत्यक्ष वाट बघणं आणि तिच्या मनात चाललेलं, या दोहोंना त्या वाटून दिल्या आणि पुढे ही वाटणी उलटवली. त्यामुळे कुठलं घडलं आणि कुठलं मनातलं हे संवादावरून शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. लेन्स ओळखायला शिका.

नुसत्या डोळ्यांनी ओळखायची खूण: २८ मध्ये माणूस आणि त्याच्या मागचं झाड यांच्यामधली जमीन दिसते, जवळचा हात मोठा वाटतो, लांबचंही स्पष्ट असतं. १३५ मध्ये मागचं सगळं पुढे ओढल्यासारखं चेहऱ्याला चिकटतं, आणि फोकस इतका उथळ की नाक स्पष्ट तर कान पुसट. वहीत प्रत्येक शॉटपुढे 'रुंद' किंवा 'लांब' एवढंच लिहा. पाऊण तासात नकाशा तयार होतो.

पात्रं सपाट सुरात बोलतात, ते अभिनय येत नाही म्हणून नव्हे. आवाजातून भावना काढून घेतली की लक्ष हाताकडे जातं. भाकरीचं फडकं, दरवाजाची कडी, रस्ता.

मणी कौल उस्ताद झिया मोहिउद्दीन डागरांकडे ध्रुपद शिकले, त्यांचं गुरुकुल पनवेलजवळच्या पळस्प्याला होतं. फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला 'ध्रुपद' (१९८२) आधी बघितला तर बाकीचे सिनेमे सोपे जातात. आलाप चालू असताना 'पुढे काय होणार' असं कोणी विचारत नाही, सुराला कुठून हात घातला ते ऐकतात. 'उसकी रोटी' तशी बघावी.

---

वळचण

+१. आणि याच घराण्याची आजची मराठी आठवण म्हणून 'कोर्ट' (२०१४). न्यायालय उठतं, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात, तरी शॉट चालूच राहतो. तिथे सिनेमा संपला समजून उठणाऱ्यांना पुढचा, सुट्टीवर गेलेल्या न्यायाधीशांचा भाग उगाच जोडल्यासारखा वाटतो. अंधाराचे ते सेकंद मोजून बघा.

---

शेवंती

'कलर ऑफ पॉमग्रॅनेट्स' लावला. कॅमेरा हलत नाही, कोणी बोलत नाही, सगळे थेट आपल्याकडे बघतात. ३० मिनिटांत हार मानली. कुठून धरायचा?

---

अर्धविराम

शेवंती, आधी आवृत्ती तपासा. हा सिनेमा दोन रूपांत फिरतो. एक परजानोवच्या मूळ मांडणीच्या जवळचं, आर्मेनियात प्रदर्शित झालेलं. दुसरं सर्गेई युत्केविचने सोव्हिएत प्रदर्शनासाठी पुन्हा कापलेलं, थोडं आखूड. २०१४ मध्ये वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट आणि बोलोन्याच्या सिनेमातेक या चित्रपटसंग्रहाने पहिल्याचं पुनरुज्जीवन केलं, ते बघा. जुन्या प्रतींमध्ये लाल रंग विटकरी झालेला असतो, आणि लाल गेला तर या सिनेमात उरलं काय?

धरायचं टोक: हे १८ व्या शतकातल्या सयात नोवा या कवीचं आयुष्य आहे, पण चरित्र नाही. बालपण, दरबार, मठ, मरण एवढे टप्पे डोक्यात ठेवून बसा, पुरे. दुसरं, सोफिको चियाउरेली ही अभिनेत्री तरुण कवीही झाली आहे आणि त्याची प्रेयसीही. हे माहीत नसेल तर मधली १५ मिनिटं 'हा कोण, ती कोण' यात जातात.

मग प्रत्येक चौकटीला एकच प्रश्न: यात हलतंय काय? मठाच्या छपरावर भिजलेले ग्रंथ वाळत घातलेत, मुलगा त्यांच्यामध्ये पडून आहे, आणि वाऱ्याने शेकडो पानं उलटतायत. कॅमेरा ठाम, माणूस ठाम, फक्त पानं. पांढऱ्या कापडावर डाळिंबं आहेत, हलतो तो फक्त रसाचा डाग. कॅमेरा हलवला असता तर डागाची चाल दिसली नसती. परजानोवला हालचाल येत नव्हती असंही नाही. आधीचा 'शॅडोज ऑफ फरगॉटन अँसेस्टर्स' बघा, त्यात कॅमेरा एका जागी टिकत नाही.

आणि हा मात्र एका बैठकीत बघा, ८० मिनिटांच्या आतच आहे.

---

काळीपांढरी

आवृत्त्यांचा विषय निघालाच आहे तर सावधगिरीच्या तीन गोष्टी.

'पुनरुज्जीवित' म्हणजे 'मूळ' असं दर वेळी नसतं. 'इन द मूड फॉर लव्ह'वाल्या वाँग कार-वायच्या सिनेमांच्या अलीकडच्या ४के प्रतींमध्ये रंग बदलले आहेत, हिरवट झाक आली आहे. 'फॉलन एंजल्स' (१९९५) ची तर चौकटच रुंद केली, वर-खाली कापून. दिग्दर्शकाच्या संमतीनेच. ज्याला जे आवडेल ते बघावं, पण आपण कोणतं बघतोय ते माहीत असावं. माझं मत विचाराल तर जुनीच चौकट.

दुसरं, जुन्या 'पाल' या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडी. त्यांत सिनेमा २५ चौकटींच्या वेगाने धावतो, म्हणजे ४ टक्के जलद. १६३ मिनिटांचा 'स्टॉकर' साडेसहा मिनिटं आधी संपतो आणि संगीत अर्ध्या स्वरापेक्षा थोडं कमी वर चढतं. शॉट मोजणाऱ्यांनी हे धरून चालावं, नाहीतर दोघांच्या वह्या जुळणार नाहीत.

तिसरं, स्ट्रीमिंग. धुकं, सावली, पाऊस, ग्रेन हे कॉम्प्रेशनला सगळ्यात जड जातं. स्ट्रीमला सेकंदाला साधारण ५ ते ८ मेगाबिट मिळतात, ब्लू-रेला २५ ते ३५. धुक्यात पायऱ्यापायऱ्या दिसल्या तर तो दिग्दर्शकाचा प्रयोग नव्हे.

---

अंतरा

'स्टॉकर'च्या आवाजाबद्दल लिहायलाच हवं. एका जुन्या डीव्हीडीवर ५.१ चं (अनेक स्पीकरांसाठीचं) नवं मिश्रण होतं, त्यात मुळात नसलेले आवाज भरले होते. मेनूत 'मोनो' (एकाच वाहिनीचा मूळ आवाज) असेल तर तेच निवडा.

सुरुवातीचा शॉट हेडफोन लावून ऐका. पलंगाशेजारी औषधं, पेला. आगगाडी जाते तसा पेला थरथरत सरकतो. कॅमेरा झोपलेल्या बायकोवरून, मुलीवरून, जाग्या असलेल्या नवऱ्यापर्यंत जातो आणि त्याच वाटेने परततो. गाडीच्या खडखडाटाखाली दबलेलं संगीत आहे, ला मार्सेयेज, म्हणजे फ्रान्सचं राष्ट्रगीत. टीव्हीच्या स्पीकरवर ते ऐकूच येत नाही. अगदी शेवटी पुन्हा पेले सरकतात, पुन्हा गाडी, आणि या वेळी खाली बेथोवन. पहिला ऐकला नाही तर दुसऱ्याची जोडी लागत नाही.

मधला ट्रॉलीचा प्रवास तर आवाजाची शाळा आहे. तिघं रुळांवरच्या ट्रॉलीवर, कॅमेरा त्यांच्या डोक्यांना चिकटून, मागचं सगळं पुसट. चाकांचा खटखटाट सुरुवातीला साधा असतो. मग संगीतकार आर्तेम्येव त्यात इलेक्ट्रॉनिक घुमारा मिसळत नेतो, इतक्या हळू की कधी बदललं ते नेमकं सांगता येत नाही. झोनची हद्द कुठे ओलांडली हे दृश्य सांगत नाही, आवाज सांगतो. मग एक कट, हिरवं रान, शांतता. चौथ्या रकान्याचं महत्त्व धागाकर्त्याने म्हटलंय ते याचसाठी.

आणि रंग. झोन रंगीत, बाहेर एकरंगी हा नियम शेवटी मोडतो: बाहेरच्या जगात मुलगी रंगीत दिसते. कुठल्या शॉटपासून ते मी सांगत नाही.

---

शेवंती

खूप आभार सगळ्यांचे. पहिल्यांदा बघणाऱ्यासाठी क्रम सुचवाल का? आणि मिळतात कुठे?

---

वळचण

माझा क्रम: अरविंदनचा 'कुम्माट्टी' (१९७९), दीड तास, मुलांची गोष्ट, २०२१ मध्ये सुंदर पुनरुज्जीवित झालाय. मग इराणच्या कियारोस्तामीचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस' (१९८७). टेकडीवरची ती नागमोडी वाट चित्रीकरणासाठी मुद्दाम पाडलेली आहे, हे लक्षात ठेवून मुलाचं धावणं बघा. मग 'टोकियो स्टोरी'. मग 'मिरर'. त्यानंतर तुमचं तुम्हाला कळेल.

सरावाला कियारोस्तामीचाच '२४ फ्रेम्स' (२०१७): २४ स्थिर चौकटी, प्रत्येकी साडेचार मिनिटांची. रोज एक.

मोसफिल्म या रशियन स्टुडिओच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर तार्कोव्स्कीचे रशियातले सिनेमे उपशीर्षकांसह आहेत. मुबी या स्ट्रीमिंग सेवेवर यातले येऊन-जाऊन असतात. पुण्यात राहणाऱ्यांनी लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हचे कार्यक्रम बघत राहावेत, गोवेकरांना नोव्हेंबरात पणजीचा इफ्फी हा चित्रपट महोत्सव आहेच. थिएटरात १.३७ चा सिनेमा असेल तर पुढच्या एक तृतीयांशात बसा.

---

तिरकस

शेवटची शंका. 'मिरर'मध्ये कविता म्हटल्या जातात तेव्हा डोळे खाली अक्षरांवर ठेवायचे की चित्रावर? दोन्ही जमत नाही.

---

अर्धविराम

दोन्ही करायचंच नाही. कविता चार आहेत, दिग्दर्शकाचे वडील आर्सेनी तार्कोव्स्की यांच्या, त्यांच्याच आवाजात. बघायच्या आधी भाषांतरं वाचून ठेवा: 'फर्स्ट मीटिंग्ज' सुरुवातीला आई घरात शिरते तेव्हा, दुसरी छापखान्याच्या बोळात, 'लाइफ, लाइफ' सिवाशच्या चिखलातून चालणाऱ्या सैनिकांच्या जुन्या चित्रफितीवर, आणि 'युरिडिसी' उत्तरार्धात. कविता सुरू झाली की उपशीर्षकं बंद करा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'व्ही' कळीने ट्रॅक बदलत 'बंद'वर नेता येतो. संवाद आले की पुन्हा तीच कळ.

उपशीर्षकं आवाजाच्या पुढेमागे होत असतील तर 'जी' आणि 'एच' कळींनी ५० मिलिसेकंदांच्या टप्प्याने सरकवा. चौकट-चौकट पुढे जायला 'ई'. मागे जायला मात्र तशी कळ नाही, थोडं मागे उडी मारून पुन्हा 'ई' दाबत यावं लागतं. 'मिरर'मधल्या वाऱ्याच्या त्या प्रसिद्ध शॉटला हे करून बघा, रानावरून झुळूक दोनदा येते. चालता माणूस थांबून मागे वळून बघतो.